सुभेदारांचा डबा

सुभेदारांसमोर कुणी वायरला धरून प्लग ओढला की त्याची धडगत नसायची. "शेपटाला धरून म्हस वढतोस व्हय रं?" असं ओरडून ते त्याचा हात बाजूला करायचे आणि प्लग दोन बोटांत धरून अलगद काढून दाखवायचे. सारी हयात फौजेत, सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशयंत्रांच्या तुकडीत गेलेली. नव्वद सालच्या सुमारास निवृत्त झाल्यावर फलटणजवळच्या गावचा ऊस भावावर सोपवून त्यांनी सांगलीत, हळदीच्या पेठेमागं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान काढलं. मी तिथं कवठे महांकाळहून एस.टी.नं कामाला यायची. मला ते ताई म्हणायचे आणि वागवायचे मात्र नव्या भरतीच्या जवानासारखं.

कॉम्प्युटर अडला की मी चार गोष्टी एकदम करून बघायची. ते त्यांना बिलकूल खपायचं नाही. "एका टायमाला एकच बदल, ताई. चार खटकं दाबलंस आन दिवा लागला, तर शाबासकी कुणाला देणार?" आमटी बिघडली तर हा माणूस आधी नुसतं मीठ घालून चव घेईल, मगच तिखटाकडं बघेल, असं मी तोंडावर म्हणायची. त्यावर गंभीर चेहऱ्यानं उत्तर, "मग? तिखट वतून मीठ वाढतंय व्हय?"

त्या वर्षी त्यांनी स्वतःचंच एक काम काढलं होतं. त्यांच्या गावातल्या फौजींच्या आठवणींचं पुस्तक. त्यात एक प्रकरण नानांचं. नाना म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे फौजी. ब्रह्मदेशच्या लढाईत सुभेदारांचे वडील, आबा, गेले, तेव्हा शेजारी हे नानाच होते. सुभेदार तेव्हा पाळण्यात. उन्हाळ्यात नाना सांगलीला लेकीकडं आले, दुकानात येऊन बसले आणि बोलत राहिले. सुभेदारांनी ते दोन बोटांनी थेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मला बघूसुद्धा दिलं नाही. पुढं पावसाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली.

सगळं पुस्तक, फोटोंसकट, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कमध्ये होतं. आमच्या कॉम्प्युटरचं पोट लहान, म्हणून ही सोय. आम्ही तिला डबा म्हणायचो. प्रिंटरची वायर काढायची आणि तिथं डब्याची जाडजूड वायर लावायची. दसरा झाल्यावर पुस्तक छापखान्यात द्यायचं म्हणून डबा जोडला, तर तो रेंगाळायला लागला. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नानांचं प्रकरण निम्म्यावर आलं की जोडणीच तुटायची. दिवाळीला पुस्तक नानांच्या हातात द्यायचं ठरलेलं, आणि गावाकडनं निरोप येत होते की नाना काही खात नाहीत.

"तुम्हाला सगळं आठवतंय की. परत टाइप करू," मी म्हटलं.

"मतलब आठवतोय, ताई. बोल नानांचं हायत. ते मी कुठनं आणू?"

त्यांनी डबा पुढ्यात ओढला.

घाई असली तरी नेम तोच, एका टायमाला एकच बदल. आधी वायर बदलली. फरक शून्य. म्हणून जुनी वायर परत लावली आणि डब्याचा अडॅप्टर बदलला. तरी तेच. मग डबा उचलून शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला, तर तिथंही तेच रडगाणं. "वायर सुटली, अडॅप्टर सुटला, कॉम्प्युटरबी सुटला. आता डब्यालाच इचारू," असं म्हणून त्यांनी डबा उलटा केला, वायर लावायच्या जागेत टॉर्च मारली आणि कपाळावर हात मारला. "आयला!"

आत हळदकुंकू!

खंडेनवमीला दुकानातल्या यंत्रांची पूजा त्यांनी स्वतः केली होती. फौजेत बंदुकीच्या तोंडाला टिळा लावायची सवय, म्हणून इथंही प्रत्येकाच्या तोंडाला टिळा. डब्याचं तोंड म्हणजे वायर लावायची जागा. ओलं हळदकुंकू आत जाऊन तिथंच वाळून बसलं होतं. मला हसू आवरेना.

"हस, हस! जल्मभर दुसऱ्यांस्नी शिव्या घातल्या, आन देवाच्या नावानं मीच माती खाल्ली!"

काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी ती जागा साफ केली. पंख्याखाली डबा चांगला वाळू दिला, मी घाई करत होते तरी. मग वायर लावली. नानांचं प्रकरण एका दमात उघडलं आणि सुभेदार खुर्चीत मागं टेकले.

दिवाळीत पुस्तक घेऊन मीही त्यांच्या गावी गेले. नाना बाजेवर पडून होते. सुभेदारांनी शेजारी बसून वाचायला सुरुवात केली, कवायतीला शोभेल अशा खड्या आवाजात. वडिलांना गोळी लागली तिथं आल्यावर मात्र ते अडले. पुढं वाचवेना. नानांनी चालता हात उचलला आणि पानावर बोट टेकवलं. वाच.

सुभेदारांनी वाचलं, "मला म्हणला, नाना, घरनं पत्र आलं का काय? पोरगं चालाय लागलं का?"

त्यांनी चष्मा काढला. नानांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि बघितलं मात्र वर, आढ्याकडं.

"लागलो, आबा," ते म्हणाले, "लागलो की."