तंबाखूचा वाफारा

मी लेखक नाही, हे आधीच सांगतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि घरात आजवर लिहिला गेलेला सगळ्यात लांब मजकूर म्हणजे रेशन कार्डाचा अर्ज. (तोही परत आला होता.) तेव्हा असं काही लिहायला बसल्याबद्दल वाचकांची माफी मागतो. तरी लिहितो, कारण ही हकिकत आमच्या गल्लीत चार वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली जाते आणि चारही तऱ्हांत गाढव मीच ठरतो. म्हटलं, खरं काय झालं ते आपणच लिहावं. लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिलं. निकाल तोच आहे, पण निदान शुद्धलेखन बरं आहे.

गोष्ट आप्पांच्या हर्नियाची. आप्पा म्हणजे माझे वडील. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटाच्या खाली लिंबाएवढा फुगवटा आला आणि यंत्रमागासमोर उभं राहणंच अवघड झालं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, "खोका" म्हणाले, आणि आप्पा खोकले. तो खोकला ऐकून बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले!

"विडी ओढता?"

"थोडीशी."

"थोडी म्हणजे किती?"

आप्पा पंख्याकडे बघायला लागले.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "असं खोकलात तर मी घातलेले टाके दुसऱ्या दिवशी तुमच्या मांडीवर येऊन पडतील. महिनाभर विडी बंद. मग या. अंगाला तंबाखूचा नुसता वास जरी आला, तरी ऑपरेशन करणार नाही."

आता आमचं घर कसं आहे ते सांगितलं पाहिजे. माझी आई विड्या वळते. कंपनीच्या शाखेतून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं. आमच्या भाकरीला तंबाखूचा वास, उशीला तंबाखूचा वास, माझ्या दहावीच्या मार्कशीटलासुद्धा तंबाखूचा वास. अशा घरात विडी सोडायची म्हणजे मिठाईच्या दुकानात उपास करण्यासारखं होतं. आप्पा काही बोलायचे नाहीत. कोपऱ्यात बसून आईच्या सुपाकडे बघत राहायचे. मला त्यांची फार दया यायची.

त्यातच माझ्या मामेभावाचा, रेवणचा, दुबईहून व्हिडिओ कॉल आला. त्याच्या हातात पेनासारखं एक मशीन होतं आणि तोंडातून ढग निघत होते.

"सिद्ध्या, हितं लोक घरीच तंबाखूचा अर्क काढतेत. ग्लिसरीनमदी भिजवायची, गाळायची, मशीनमदी घालायची, वाफ वडायची. धूर न्हाय, राख न्हाय, नुसता स्वाद! आन तू तर केमिस्ट्रीवाला हाईस की!"

हे शेवटचं वाक्य घात करून गेलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी रसायनशास्त्र घेतल्यापासून आमच्याकडे डाळ शिजली नाही तरी मला हाक मारतात आणि मिक्सर बंद पडला तरी मलाच. एकदाही मला उत्तर आलेलं नाही. म्हटलं, आपलं शिक्षण घराच्या उपयोगी पडायची ही पहिलीच संधी आहे!

अडचण एकच होती. ते मशीन विकायला आपल्या देशात बंदी आहे, असं मी वाचलं आणि घाबरलो. (माझ्यावर आजवर एकदाच कारवाई झाली आहे, ग्रंथालयाचं पुस्तक उशिरा दिल्याची. तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो.) पण मग माझी नजर फळीवरच्या वाफाऱ्याच्या मशीनवर गेली. गुलाबी प्लॅस्टिकचं, सर्दीत तोंड घालून वाफ घ्यायचं. कोरोनात घेतलं होतं, तेव्हापासून तसंच पडून होतं. वाफ ती वाफ, असा मी विचार केला. विज्ञानाची प्रगती अशाच विचारांनी होते, असं मला त्या क्षणी वाटलं.

आईची चांगली तंबाखू घ्यायची माझी हिंमत नव्हती. मी तिच्या सुपाखाली सांडलेली भुकटी झाडून गोळा केली, मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं आणि तीन बरण्या भरल्या. एकीत साधी तंबाखू, दुसरीत तंबाखू-लवंग, तिसरीत तंबाखू-गूळ. त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: नमुना अ, नमुना ब, नमुना क. मंद आच लागते असं रेवण म्हणाला होता. सोलापुरात एप्रिल महिन्यात आच विकत घ्यावी लागत नाही. मी बरण्या पत्र्यावर ठेवल्या, आईच्या सांडग्यांच्या शेजारी.

आठ दिवसांत बरण्यांत काळपट चॉकलेटी अर्क उतरला. सांडग्यांतही उतरला.

"ह्ये सांडगं कडू का लागायलेत रं?" आई म्हणाली.

"ऊन जास्त आहे," मी म्हणालो. (माझं पहिलं शास्त्रीय अनुमान.)

मग गाळणं आलं. मी चहाची गाळणी घेतली. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिऊन आई-आप्पा दोघंही बराच वेळ एकमेकांकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी आप्पांचा जुना बनियन वापरला. अर्क स्वच्छ झाला, पण नमुना ब ला एक वेगळाच, कष्टकरी वर्गाचा वास यायला लागला.

आता चव बघायला जाणकार माणसं हवीत. ती आमच्याकडे आयतीच होती. दुपारी आईबरोबर विड्या वळायला शेजारच्या सत्यम्माकाकू आणि रेहानाचाची येऊन बसतात. तिघींनी जन्मात एक विडी ओढलेली नाही, पण तंबाखूचं पोतं उघडायच्या आत तिघी तिची कुंडली सांगतात. मी विडीच्या पानाच्या तुकड्यांवर एकेक थेंब टाकला आणि परीक्षेला बसल्यासारखा समोर बसलो.

सत्यम्माकाकूंनी नमुना अ हुंगला. डोळे मिटले.

"बाबू, हे तंबाखू कुठलं घेतलं?"

"घरातलंच, काकू."

"झाडून घेतलं की न्हाय? ह्यात हळद हाय. दोरा हाय. उंदीर पण हाय."

"उंदीर नाही हो!"

"तो गेला असंल. येऊन गेल्याला हाय."

रेहानाचाचींनी नमुना ब चा थेंब जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच पदरानं जीभ पुसून काढली. "क्या बनाको लाया रे बाबा ये? पसीने का बास आरा इसमें! किसका बनियन डुबाया क्या?"

मी मान खाली घातली.

नमुना क वर आई म्हणाली, "ह्यो बरा हाय." मी आनंदानं वर बघितलं. "कशाला बरा हाय म्हनशील तर, झुरळं मारायला."

तरी तिघींत तो पहिला आला, म्हणून मी नमुना क नक्की केला. आधी स्वतःवर प्रयोग करायचा, हा शास्त्राचा नियम. मशीनमध्ये पाणी घातलं, दहा थेंब टाकले, डोक्यावर चादर घेतली आणि दीर्घ श्वास घेतला. पहिल्या श्वासाला घाम फुटला. दुसऱ्याला घर फिरायला लागलं. तिसरा मी घेतला नाही, कारण तोवर मी मोरीत होतो. मोरीत मला दोन नळ दिसत होते आणि दोन्हींना पाणी नव्हतं!

"काय झालं रं?" आईनं बाहेरून विचारलं.

"मात्रा... जास्त झाली..."

"कालिजात ह्येच शिकिवतेत का?"

मग मी दहाऐवजी एक थेंब ठरवला आणि आप्पांना बसवलं. सगळं समजावून सांगितलं: धूर नाही, राख नाही, फुफ्फुसाला त्रास नाही. (मला आज हे लिहिताना लाज वाटते. तंबाखू ती तंबाखूच, कशातही घाला. पण तेव्हा मी वहीत आकृती काढून समजावलं होतं.) आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि मुकाट्यानं चादरीत शिरले.

"कसं वाटतंय, आप्पा?"

"ब्येस," आतून आवाज आला. जरा चिरका होता, पण मी तो समाधानाचा मानला.

त्यानंतर रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी मी आप्पांना वाफारा दिला. एकदाही चुकवला नाही. आप्पाही एकदाही नाही म्हणाले नाहीत. वाफ खोलीभर पसरायची. गूळ-तंबाखूचा चिकट थर भिंतीवर बसला, कॅलेंडरवर बसला, शेंगाचटणीच्या डब्यावर बसला. मुंग्या रांगेनं यायच्या, भिंतीला तोंड लावायच्या आणि वाकड्यातिकड्या परत जायच्या! शेजारच्या घरातली मांजर आमच्याकडे यायची बंद झाली. मी मात्र वहीत लिहीत होतो: "दिवस अकरावा. रुग्ण शांत."

महिना भरला. तपासणीच्या दिवशी सकाळी मी आप्पांना एक जादा वाफारा दिला, रस्त्यात तलफ येऊ नये म्हणून.

दवाखान्यात आम्ही आत पाऊल टाकलं तसं डॉक्टरांनी नाक वर केलं. आप्पांच्या सदऱ्याजवळ वाकले आणि झटकन मागं सरकले.

"हे काय? पोत्यात झोपून आलात काय? विडी चालू आहे तुमची!"

मी पुढं झालो. "सर, नाही! मी स्वतः त्यांना..."

तेवढ्यात आप्पांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"व्हय सायेब," आप्पा खाली बघत म्हणाले. "वडली. ऱ्हावलं न्हाय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी इकडं महिनाभर बनियनमधून अर्क गाळतोय, आणि हे तिकडं चोरून विड्या ओढतायत!

"आणखी एक महिना," डॉक्टर म्हणाले. "त्या वेळी वास आला तर दुसरा डॉक्टर बघा."

रिक्षात मी आप्पांशी एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर बोललो, आणि मग थांबलोच नाही. तिन्ही बरण्या मोरीत ओतल्या. मशीन फळीवर टाकलं. "तुम्हाला कदरच नाही," म्हणालो. पुढचा महिनाभर रोज जेवताना मी आप्पांना निकोटिनचे दुष्परिणाम सांगितले. आकृत्या काढून सांगितले. इच्छाशक्ती म्हणजे काय, शब्द पाळणं म्हणजे काय, शिकलेल्या मुलाच्या कष्टांची किंमत म्हणजे काय, सगळं सांगितलं. आप्पा भाकरी मोडत "व्हय, व्हय" म्हणायचे. एकदा सत्यम्माकाकू दारातून म्हणाल्या, "बाबू, जेवू दे की त्यांना!" मी त्यांनाही थोडं सांगितलं.

दुसरा महिना भरला. आईनं दोनदा धुतल्यामुळं आप्पांच्या सदऱ्याला नुसता साबणाचा वास येत होता. डॉक्टरांनी तारीख दिली. ती नेमकी माझ्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी आली. आप्पांनीच मला बळंबळं कॉलेजात पाठवलं. मोबाइल बाहेर दप्तरात ठेवावा लागतो, त्यामुळे आमची सगळी गल्ली, मैंदर्गीची आत्या आणि दुबईचा रेवण यांना कळून गेल्यावर दुपारी तीनला मला आईचा फोन लागला.

"सिद्ध्या, झालं बघ आप्रेशन. ब्येस झालं. सुदीवर आल्यात, चा मागाय लागल्यात."

मी व्हरांड्यातच खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं. "आणि खोकला?"

"न्हाय खोकलं. डाक्टर बी इचारत हुतं, एवढी जुनी बिडी सुटली कशी म्हून."

"मग? आप्पा काय म्हणाले?" मी जरा ताठ बसलो. (भाषणांचा परिणाम होतोच, असं मला वाटत होतं.)

आई हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना.

"म्हनलं, सायेब, बिडी तर तुमी पयल्यांदा सांगितलं त्याच दिशी सोडली. परत हातात धरली न्हाय. पन पोरगं लई हौसंनं वाफ द्याचं, त्येला न्हाय कसं म्हनू? मळमळायचं, पन घ्याचो. आन तुमी वास धरला तवा पोराचं नाव सांगितलं असतं, तर तुमी त्याच्या कालिजाला हसला असता की. म्हून म्हनलं, वडली."

म्हणजे त्या पहिल्या महिन्यात आमच्या आप्पांना तंबाखू देणारा अख्ख्या सोलापुरात एकच माणूस होता. आणि दुसरा महिनाभर तोच माणूस त्यांना रोज जेवताना व्यसनमुक्तीवर व्याख्यान देत होता.