आबाचं नाक आणि तिसरी बाटली

आमच्या आबाचं नाक हे एके काळी खानदेशचं वैभव होतं. आबा माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. पण आठवीतच त्याला मिशी फुटली आणि गुरुजीसुद्धा त्याला आबा म्हणू लागले. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची केळी. हिवाळ्यात त्याच्या मळ्यात भरीत पार्टी असली की जळगाव-धुळ्याहून माणसं यायची आणि खुर्च्या पुढे ओढून बसायची, कारण आबा भरीत करत नसे, प्रयोग लावत असे. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळात वांगी पडली की हा जाळाकडे पाठ करून उभा. हात मागे, डोळे मिटलेले, फक्त नाक जागं. सगळे चिडीचूप. आणि एकदम गर्जना, "उलटवा!" उलटवून बघावं तर खालची बाजू बरोब्बर भाजलेली. टाळ्या पडायच्या.

मग तो साथीचा ताप आला. आबा वाचला, नाक गेलं.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पुतणीच्या साखरपुड्याला शंभर पानांचं भरीत त्यानं हट्टानं स्वतः केलं. फोडणीत लसूण करपला तो त्याला कळलाच नाही. पाहुणे सभ्य. "वा, वा" म्हणत ताटात बोटं फिरवत राहिले. आबानं त्यांचे चेहरे वाचले आणि त्या दिवसापासून चुलीला हात लावला नाही. दोन हिवाळे गेले. कुणी भरताचा विषय काढला की म्हणायचा, "मना नाक मरेल शे. मी आते वांगी जाळसू, भाजसू नही."

आता माणसानं असं बसून राहावं हे मला पसंत नव्हतं. त्यात कप्तान सुट्टीवर आला. कप्तान म्हणजे आमचा तिसरा वर्गमित्र. जन्म गेला बोटीच्या इंजिनखोलीत, पण धुळ्यात कुणाला फरक कळतो? येताना त्यानं ग्रीसहून तीन बाटल्या आणल्या होत्या, आपल्या जुन्या लुंग्यांत गुंडाळून. मी लगेच कट रचला. आबाला फोन केला, "तुझ्या मळ्यात वाईन चाखायला येतोय. तू फक्त खुर्च्या टाक." गाडीच्या डिकीत पाच किलो वांगी, लसूण आणि मिरच्या आहेत, हे सांगायचं मात्र मी विसरलो. मी फार विसराळू आहे.

रविवारची दुपार. आंब्याखाली चार खुर्च्या. गाडी परत माझी बायको चालवणार असल्यामुळे ती फक्त ओठ ओले करणार होती. आबानं स्टीलची फुलपात्रं मांडली. कप्तानानं कपाळाला हात लावला.

"अरे, यात वास कळत नाही! ग्लासात नाक खुपसावं लागतं."

"नाक खुपसायला तू आहेसच की," आबा म्हणाला.

शेवटी चहाचे ग्लास आले. पहिली बाटली पांढऱ्या वाईनची, असिर्टिको नावाच्या द्राक्षाची. कप्तान सांगत होता, ही द्राक्षं पिकतात त्या बेटावर वारा इतका की वेल मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीवर गोल गोल वळवून ठेवतात, आपल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवतात तशी, आणि त्या चुंबळीच्या आत द्राक्षं लपून पिकतात. मला त्या शेतकऱ्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी उभं राहून उत्तरेला नमस्कार केला. ग्रीस पश्चिमेला आहे, असं बायको म्हणाली. मग एक थेंब चाखून म्हणाली, "कैरीला मीठ लावून चाटल्यासारखं." आजवर वाईनचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

आबानं घोट घेतला. "आंबट शे," तो म्हणाला. जिभेला तेवढंच कळत होतं.

दुसरी लाल. क्सिनोमाव्रो! कप्तान म्हणाला, त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'आंबट काळं'. इतकं खरं बोलणारं नाव मला तरी माहीत नाही. पण चव काय सांगू! आधी उन्हात वाळलेला टोमॅटो, मग फुलासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर टाळूला धरून ठेवणारा तुरटपणा, नव्या जावयासारखा, जायचं नावच काढत नाही. मी डोळे मिटून हे सगळं साभिनय बोलत होतो. डोळे उघडले तर आबा ग्लासात बघत बसलेला.

"ही काय नि ती काय, बठ्ठं पाणीच शे रे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सांगा, मी ऐकतो."

माझा अभिनय तिथंच संपला. आपण आंधळ्याला चित्रं दाखवायला बसवलं की काय, असं वाटलं.

तिसरी बाटली कप्तानानं जरा ओशाळतच उघडली. रेत्सिना. पाइन झाडाचा डिंक घालून केलेली, ग्रीकांची फार जुनी आवड. मी घोट घेतला आणि थेट फर्निचरच्या दुकानात जाऊन पोचलो.

"हे पॉलिश आहे!" मी ओरडलो.

बायकोनं नाक मुरडलं. कप्तान म्हणाला, "दे, लिंबाच्या झाडाला घालतो."

आबानं त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं ग्लास नाकाशी नेला. एकदा. परत एकदा.

"सालई," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "सालई शे रे ही! माले वास येस!"

लहानपणी डोंगरातून उतरणाऱ्या बाया धान्याच्या बदल्यात सालईचा डिंक देऊन जायच्या आणि आबाची आई तिन्हीसांजेला गोठ्यात निखाऱ्यावर तो धुपासारखा टाकायची. आबा ग्लासात नाक घालून तो गोठा सांगत होता: धूर, शेण, आईचा खोकला. मिशी रेत्सिनात भिजली होती. कप्तान बोटीवरून किनाऱ्याचा दिवा दिसल्यासारखा बघत होता.

मी संधी साधली. "डिकीत वांगी आहेत."

"हरामखोर," आबा म्हणाला आणि उठला.

जाळ झाला, वांगी पडली. आबानं पाठ केली, हात मागे घेतले, डोळे मिटले. आम्ही चिडीचूप.

"उलटवा!"

बायकोनं उलटवलं. खालची बाजू नुसती कोमट. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर, आबा."

आबा वळला. "वहिनी, हे 'बरोबर' त्या साखरपुड्याच्या पाहुण्यांसारखं आलं."

बायकोनं वांगं परत जाळात ढकललं. मग आबाच हसला, जाळापाशी उकिडवा बसला आणि कप्तानाला मानेला धरून शेजारी बसवलं. "तू इथं. वास बदलला की बोल. वहिनी, तुम्ही लसणावर. आणि तू," मला म्हणाला, "गप्प बस."

तासभर तो विचारत राहिला, "लसूण काय म्हणतो?" आणि बायको सांगत राहिली, "कच्चा आहे... आता गोड येतोय... उतरवा!" हात सगळे आबाचे, नाकं आमची. भरीत झालं. मिरची जरा चढली होती, पण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ते घेऊन वर त्या आंबट काळ्याचा घोट घेतला, तेव्हा मी खरोखरच गप्प बसलो. बायकोच्या मते हाच त्या वाईनचा मोठेपणा.

आबा सावकाश जेवला. भरताचा वास आला का, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही. त्यानंच मान हलवली. नाही.

निघताना रेत्सिनाची उरलेली बाटली त्यानं काखेत मारली.

"पिणार ते पॉलिश?" मी विचारलं.

"पिणार कोण? रोज हुंगणार."

गाडी सुरू झाली तसा तो खिडकीशी वाकला. "पुढच्या रविवारी वांगी मोठी आणा, बिनकाट्याची. आणि तिघंही नाकं घेऊन या."