पुढच्या सीटवर शोभना

रवींद्र मोघ्यांची नजर एकदम गेली नाही. वर्षानुवर्षं आटत गेली. आधी ड्रायव्हिंग सुटलं, मग जीव की प्राण असलेली सायकल. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या ऑफिसातली नोकरी तेवढी, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने, टिकली. तिथेच त्यांना तिशीतला अवधूत भेटला, मूळचा नागपूरचा. एका शनिवारी तो दोन सीटची सायकल घेऊन दारात हजर.

"काका, तुम्ही मागे बसा. खड्डे मी सांगतो."

समामिश नदीकाठी वारा तोंडावर आला आणि रवींद्र इतक्या मोठ्याने हसले, की अवधूतने घाबरून ब्रेक दाबला.

तिथूनच दोघांच्या डोक्यात स्वीडनचं खूळ शिरलं. हेलसिंगबोर्गहून किनाऱ्याने उत्तरेला गोथेनबर्गपर्यंत, तंबू सायकलवर लादून. वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाठीशी. जुलैत गर्दी, म्हणून ऑगस्टचा शेवट. लोकांनी रेकॉर्ड केलेले प्रवासाचे अनुभव रवींद्र जेवतानाही कानाला लावून बसत.

आणि मे महिन्यात अवधूतच्या वकिलाने सांगितलं, व्हिसाचं काम अडकलंय, देशाबाहेर पाऊल टाकू नकोस.

"सॉरी काका. माझ्यामुळे सगळं कॅन्सल."

"वेड्या, तुझ्यामुळे तर सुरू झालं," रवींद्र म्हणाले. पण तो गेल्यावर त्यांनी नवा तंबू गुपचूप पिशवीत कोंबायला घेतला.

त्यांच्या पत्नी शोभनाताई जवळच मेथी निवडत होत्या. "मी पुढे बसले तर?"

"तू? अगं, वर्ध्याचं कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलायस का? फ्रीवेवर गाडी काढतानासुद्धा देवाचं नाव घेतेस."

"घेते. पण पोचवते ना?"

शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये अवधूतने त्यांना शिकवलं. पहिल्याच वळणावर नवराबायको दोघंही आडवे. कोपर खरचटलं, तरी बाई उठून म्हणाल्या, "तुम्ही मागे डोलू नका हो!" आखलेलं रोजचं अंतर त्यांनी सरळ निम्म्यावर आणलं, आणि गरम पाण्याची सोय असलेलेच कॅम्प धरायचे, अशी अट घातली. ती मुकाट्याने मान्य झाली.

जूनच्या अखेरीस तालीम म्हणून दोघं फेरीबोटीने व्हिडबी बेटावर गेले. इतकी वर्षं शोभनाताईंच्या तोंडी "जपून", "पायरी आहे", "थांबा" एवढंच असायचं. इथे मात्र त्या धापा टाकत बोलतच राहिल्या. डावीकडे पाणी आहे, चकाकतंय. कुणाच्या तरी अंगणात घोडा उभा आहे, पांढरा. आता उतार, हवा खा!

रवींद्र मागून म्हणाले, "शोभना, थँक्यू गं."

"नंतर म्हणा. चढ आलाय, पाय मारा."

सोमवारी तिकिटं निघाली. ऑगस्टात, निघायच्या आधी, सायकल सुटी करून खोक्यात भरायला अवधूत आला. जेवायला बसल्यावर रवींद्रांनी पहिलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.