ढगाला घातलेला हार

जाधव बाईंना कुणी फोटो दाखवला की त्या कधी आधी 'छान' म्हणाल्या नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या, मोबाइल हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, "कुठे उभं राहून काढलाय?" लग्नातला असो, बारशातला असो, नाहीतर पेपरातला पुराचा असो, प्रश्न हाच. आम्ही घोडबंदर रोडला नव्याने राहायला गेलो तेव्हा मी गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगराचा आणि खालच्या रस्त्याचा फोटो मोठ्या हौसेने स्टाफरूममध्ये फिरवला. सगळ्यांनी वा वा केलं. बाईंनी विचारलं, कुठे उभं राहून काढलाय? म्हटलं, अठराव्या मजल्यावरून. मग म्हणाल्या, रस्ता दिसतोय, रस्त्यावरची माणसं कुठायत? मी म्हटलं, बाई, एवढ्या वरून माणसं दिसतात होय? "तेच म्हणतेय मी," असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि माझ्या अठराव्या मजल्याची पार हवा काढून घेतली.

आमची शाळा नौपाड्यातली. मी विज्ञान शिकवतो, बाई इतिहास शिकवायच्या. रोज डोंबिवलीहून यायच्या, स्टेशनपासून चालत, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालायला वेळ नाही म्हणून. आवाज खणखणीत, पदर कायम खोचलेला. वर्गात शिरल्या की फळा पुसायच्या आधी खिडक्या उघडायच्या. मुलं त्यांना टरकून असायची आणि तरी मधल्या सुट्टीत त्यांच्याच टेबलाभोवती घुटमळायची.

आमच्या दोघांची कायमची गंमत चालायची ती ऑगस्टमध्ये. मी दहावीला अणूचं विखंडन शिकवताना पडद्यावर हिरोशिमाच्या त्या ढगाचा फोटो लावायचो. मुलं एका सुरात "वॉव" म्हणायची. पुढचा तास बाईंचा. दारातच विचारायच्या, "झालं का वॉव करून? आता मी येते." त्या तोच फोटो परत लावायच्या आणि आपला ठरलेला प्रश्न वर्गाला टाकायच्या. मुलं विचार करून करून सांगायची, विमानातून. म्हणजे कुणाकडून? बॉम्ब टाकणाऱ्यांकडून. मग दुसरा फोटो. दगडी पायऱ्या, त्याच शहरातल्या एका बँकेच्या दाराबाहेरच्या. त्या सकाळी तिथे कुणीतरी बसलं होतं. माणूस राहिला नाही, पायरीवर त्याच्या आकाराचा काळा डाग राहिला.

त्या सांगायच्या, त्या दिवशी खाली शहरात एक जण कॅमेरा घेऊन फिरत होता. तिथलाच, पेपरात काम करणारा. दिवसभरात त्याने फार थोडे फोटो काढले. समोर जे होतं त्याच्यावर बटण दाबायला बोट होईना, डोळे भरून आले, काचेतून दिसेना. आणि जे काढले, तेही लोकांना बघायला मिळायला काही वर्षं जावी लागली. तोवर ढग जगभर फिरून आला होता. "ढग फोटोत चांगला येतो हो," त्या मला म्हणायच्या, "म्हणून तोच लक्षात राहतो. माणसं चांगली येत नाहीत."

मला वाटायचं, बाईंचा हा अभ्यासाचा विषय आहे. एकदा चहा पिताना त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद डोंबिवलीच्या केमिकल कंपन्यांपैकी एकीत कामाला होता. एका दुपारी तिथे स्फोट झाला. धुराचा भलामोठा लोट आभाळात चढला आणि आजूबाजूच्या टॉवरांतून लोकांनी त्याचे फोटो काढले. बाईंच्या मोबाइलवर तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शेजारणीने वेगळा पाठवला. खाली लिहिलेलं, आमच्या गॅलरीतून. मिलिंदचा फोन लागत नव्हता आणि बाई तो फोटो दोन बोटांनी मोठा करून करून बघत होत्या.

"आमचा मिलिंद आहे सर त्या फोटोत," त्या म्हणाल्या. "फक्त दिसत नाही."

पुढे जे हाती दिलं गेलं, त्याला मिलिंद म्हणायला त्यांची आई तयार नव्हती. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी मिलिंदचा फोटो लावला होता, ओळखपत्रावरचा मोठा करून. आई रोज सकाळी तो पदराने पुसायची, पण त्याला हार घालू द्यायची नाही. हार घातला म्हणजे गेला. सगळी डोंबिवली त्या दिवसाला धुराचा दिवस म्हणून ओळखते, आणि त्या माउलीला आपलं पोर धुरातून बाहेर यायला हवं होतं. बाईंनी तिला कधी समजावलं नाही. काय सांगू, म्हणायच्या, तिला दाखवायला माझ्याकडे आहे काय.

बाई निवृत्त होणार होत्या त्या वर्षी सहा ऑगस्टचा, हिरोशिमा दिनाचा कार्यक्रम मोठा करायचं ठरलं. पाहुणे बोलावले, हॉलमध्ये प्रदर्शन लावलं. बाईंनी महिनाभर खपून फोटो निवडले होते, सगळे जमिनीवरून काढलेले. ढगाची एकच मोठी फ्रेम होती, ती दाराशी ठेवायची होती, शेजारी त्यांचा प्रश्न लिहून. यंदाची मुलं इथून बाहेर पडताना माणसं घेऊन जाऊ देत, ढग नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आता आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होतो का? आमच्या शिपाई सावंतांनी टेबल मांडलं, समई लावली, हार आणला, आणि बघतात तो प्रतिमाच नाही. बिचाऱ्यांनी धावतपळत जाऊन सगळ्यांत मोठी दिसली ती फ्रेम आणून ठेवली. पाहुणे उठले. फ्रेमला गंध लावलं, फुलं वाहिली, झेंडूचा हार घातला आणि डोळे मिटून हात जोडले. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, मान्यवरांनी प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला आहे. टाळ्या पडल्या. मागे खुर्चीवर चढलेल्या फोटोग्राफरने फोटोही काढला. मी कपाळाला हात लावला. बाईंची इतक्या वर्षांची मेहनत, आणि शेवटच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून अणुबॉम्बच्या ढगाची पूजा केली होती.

बाई शांतपणे उठल्या. पाहुण्यांना म्हणाल्या, तुमची काही चूक नाही, आमची मांडणी चुकली. मग त्यांनी ढगाच्या गळ्यातला हार काढला.

"हार गेलेल्याला घालतात," त्या माइकवर म्हणाल्या, "नेणाऱ्याला नाही."

भिंतीजवळची पायऱ्यांची फ्रेम त्यांनी स्वतः उचलून आणली, टेबलावर ठेवली आणि पाहुण्यांच्या हातात हार दिला. पाहुणेही सज्जन, त्यांनी मुकाट्याने घातला. नववीतली एक मुलगी पुढच्या रांगेतून म्हणाली, मॅडम, पण यात कुणीच नाहीये. बाई म्हणाल्या, आहे, पायरीवर नीट बघ. आणि मग एवढ्या वर्षांत शाळेत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. आपल्याच डोंबिवलीचा तो धूर तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलाय, त्याच्या खाली माझा भाऊ होता, मिलिंद जाधव, त्याला कैरीचं लोणचं फार आवडायचं. आवाज जरासुद्धा कापला नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. शेवटी त्यांनी फोटोग्राफरला खुर्चीवरून खाली बोलावलं, आता इथे आमच्या शेजारी उभा राहून काढ म्हणाल्या.

तो फोटो शाळेच्या वेबसाइटवर आला. त्यात हार घातलेल्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे वाकून बघणारी मुलं आहेत. बाईंनी तो घरी नेऊन आईला दाखवला. आईने पायरीवरच्या डागावरून बोट फिरवलं आणि विचारलं, याच्या आईला तरी काय मिळालं असेल गं? एवढंच, म्हणे.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी माझ्या मोबाइलवर बाईंकडून एक फोटो आला. कधी कुणाला फोटो न पाठवणारी बाई. जरा तिरका, हललेला. भिंतीवर मिलिंद, गळ्यात मोगऱ्याचा ताजा हार, आणि हार सारखा करणारा एक म्हातारा हात. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. बाई, कुठे उभं राहून काढलात?

लगेच उत्तर आलं, "आईला एका हाताने धरून. म्हणून हललाय."