मेलास, दे रिमोट!

ताई फोनवर गेम खेळत होती आणि मी शेजारी बसून बघत होतो. पन्नाशी उलटली तरी तिचा अंगठा अजून तसाच चालतो. खड्डा दिसायच्या आधीच उडी तयार. शेवटी एका काटेरी चेंडूवर आपटली. लगेच स्क्रीनवर विनवण्या सुरू झाल्या. जाहिरात बघा, एक जीव मिळवा. हिरे विकत घ्या, इथूनच पुढे चला.

मला या नव्या गेम्सचा रागच येतो. धड मरूसुद्धा देत नाहीत. आम्हाला हरणं झेपणार नाही, असं यांना सांगितलं कुणी? लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओगेम होता. त्याच्या कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो. तीन जीव संपले की संपले. मागून ताई ओरडायची, "मेलास, दे रिमोट!" मग मुकाट्याने बाजूला सरकायचं आणि आपण नेमके कुठे चुकलो, ते तिच्या खेळात बघत बसायचं. शेवटच्या राक्षसापर्यंत आम्ही दोघं असेच पोचलो. मरत मरत, पण कुणापुढे हात न पसरता. त्याचा माज मला आजही आहे.

ताईने त्या विनवण्यांकडे एकदा पाहिलं, "मेले मी," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सरसावून बसलो आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. स्क्रीनवर पुन्हा हिरे चमकू लागले. पण त्याआधीच ताईचा हात पुढे आला होता.