पाण्यामागं चालणाऱ्या काट्या

माझ्या घरमालकांचा मुलगा दत्ता, त्याचा फोन मला सहसा येत नाही. त्या दिवशी बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत टँकर धुऊन मी चहाला बाहेर आलो, फोन उघडला तर त्याचेच कॉल लागोपाठ पडलेले. आत फोन नेऊ देत नाहीत. परत लावला तेव्हा तो म्हणाला, "आबा गेलं. दुपारी खाटेवर पडलं हुतं, उठलंच न्हाईत." मग म्हणाला, "तू ये. तुला यायला पायजे." पाळी संपायला अवकाश होता, पण सुपरवायझरनं काही न विचारता जायला सांगितलं, त्याचे उपकार आहेत. भिगवणचा रस्ता मी मोटारसायकलवर कितीदा केलाय, पण त्या दिवशी दोन्ही बाजूचा ऊस मला दिसलाच नाही. पाणी दिसलं तेव्हाच कळलं, की पोचलो.

माझी शाळा आठवीत सुटली. पेपरात लिहायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. एखादा शब्द चुकला तर लोक हसतील असं सारखं वाटतं. पण आबांबद्दल लिहिणारं दुसरं कुणी नाही, आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो.

मी वेंगुर्ल्याकडचा. घर दर्याला लागून. वडील लवकर गेले, आई ओहोटीला वाळूत बसून खुबे काढते, म्हणजे शिंपल्या, आणि बाजारात विकते. ओळखीतल्या एकानं डेअरीत लावून दिलं म्हणून बारामतीला आलो. एमआयडीसीजवळ खोली मिळाली होती. दिवसभर दूध, वाफ आणि कॅनचा आवाज, रात्री खोलीत चार भिंती. सुट्टीला कुणीतरी सांगितलं, की भिगवणला मासे चांगले मिळतात, म्हणून गेलो. हायवेच्या कडेच्या हॉटेलात चिलापी खाल्ली आणि तोंडातून निघून गेलं, की माशाला दर्याची चव नाही. शेजारच्या बाकावर पांढऱ्या मिशांचे, डोक्याला गमजा गुंडाळलेले एक म्हातारबाबा चहा बशीत ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "मासा गोड्या पाण्यातला हाय. मीठ तुझं तू टाक." मग विचारलं, "कुठला रं तू?" मी सांगितलं. "मग हितं काय हरावलंय तुझं?"

तेच आबा. त्यांनीच मला काठावर नेलं. उजनी धरणाचं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं आणि तिथंच खाली बसलो. पलीकडचा काठ दिसत होता, लाट नव्हती, खारा वास नव्हता, तरी छातीतलं काहीतरी सैल झालं. आबांनी ते ओळखलं असावं. त्यांच्या घरामागं एक खोली रिकामी होती. पुढच्या सुट्टीला मी सामान घेऊन तिथं आलो. रोज तेवढा लांबचा रस्ता कशाला, म्हणून कंपनीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

वाडीतले बरेचजण होडीवाले. पहाटे जाळी, आणि थंडी-उन्हाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पाण्यात फिरवायचं. आबांनी जन्मभर तेच केलं. आता होडी मुलगा दत्ता चालवायचा. मग कोरोना आला. सगळं बंद झालं, पण गाड्या आडरस्त्यानं येतच राहिल्या. शहरात कोंडलेली माणसं, त्यांना पाणी बघायचं होतं. कुणाला ताजा मासा हवा होता. देवळापुढं सगळे लांब लांब बसले, तोंडाला उपरणी, पदर बांधून, आणि काठ बंद करायचा की नाही यावर जे भांडण झालं तसं मी त्या वाडीत पुन्हा पाहिलं नाही. वरच्या अंगाचे ऊसवाले म्हणत होते, की बंद करा, घरात लेकरं-म्हातारी आहेत. होडीवाले म्हणत होते, की मग आम्ही खायचं काय. पारूबाई मासे विकायची. ती उठून ऊसवाल्यांना म्हणाली, "तुमच्या उसाला भेटाया कोण येत न्हाय. म्हणून तुमाला बंद सोपा हाय."

सगळ्यांना वाटलं, आबा होडीवाल्यांच्या बाजूनं बोलतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, बंद करा. दत्ता त्यांच्याकडं बघतच राहिला. आबा एवढंच म्हणाले, "पाणी कुठं पळून जात न्हाय. माणूस जातो." मागून कुणीतरी टोमणा मारला, की आबा, उन्हाळ्यात उजनी आटून मागं पळतीच की. त्या ताणात पण लोक हसले. आबा म्हणाले, "मग काट्या बी पळवू."

काठाच्या वाटेवर काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, घालायचं ठरलं, आणि तेवढ्यात दत्ता बोलला. बापाकडं नाही, देवळाकडं बघत. बाहेरच्याला काठ बंद, तर मग आपल्या घरात बाहेरचा कसा? तो रोज कंपनीत जातो, शंभर माणसांत मिसळतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. दत्ता चुकीचं बोलत नव्हता. डेअरी चालू होती, माझ्याकडं पास होता. पण खोली गेली तर जायचं कुठं? गावी जायला जिल्हे बंद. काम सोडलं तर आईला काय पाठवायचं? कोण ठेवून घेणार होतं मला त्या दिवसांत?

आबा सावकाश बोलले. "बाहेरचा म्हंजी कोण? जो काठ बघतो आन् माघारी जातो त्यो. ह्याला माघारी जायाला वाट हाय का?" मग त्यांनी असा तोडगा काढला, की तो फक्त त्यांनाच सुचला असता. मी वाडीत राहायचं नाही. काट्यांच्या आत, बंद काठावर राहायचं. कंपनीत जायला-यायला शेताच्या बांधावरची पायवाट, ती कुणाच्याच दारावरून जात नव्हती. काठावर कुणी आलं तर ओरडून सांगायचं. ऊसवाल्यांना राखणदार मिळाला, त्यांनी मान डोलावली. दत्ता उठून जाताना म्हणाला, "होडीवालं काठाभाईर आन् भाडेकरू काठावर. लई भारी न्याय." त्यानंतर तो बापाशी बोलायचा बंद झाला. एका चुलीवरचं खात होते, पण बोलणं नाही.

वाट जिथं काठाला उतरते तिथं एक जुनी बाभूळ आहे. तिथं आबांनी काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. काट्यांना हात लावता येत नाही, त्यासाठी पुढं दोन फाटे असलेलं लांब लाकूड असतं, त्याला बेळकं म्हणतात. ते घेऊन आबा फांद्या ढकलत, दाबत होते, आणि मी आतल्या बाजूला चार बांबू, ताडपत्री आणि उसाचं पाचट घेऊन खोप उभी करत होतो.

संध्याकाळी आबा बाभळीपाशी येऊन उभे राहायचे आणि हाक मारायचे, "हाईस का रं, कोकण्या?" मी म्हणायचो, आहे. मग ते भाकरीचं गाठोडं बेळक्याच्या फाट्यात अडकवून काट्यांवरून माझ्याकडं सरकवायचे. कालवण असलं तर किटली यायची, हिंदकळत, आणि ते पलीकडून म्हणायचे, "सांडलास तर चाटून खा." दिवसभर कुणी माझ्याजवळ येत नव्हतं. कंपनीतही सगळे लांब. ते गाठोडं हातात यायचं तेव्हा कापड अजून गरम असायचं... ती ऊब मला अजून हाताला आठवते.

त्याच वेळी आईचा फोन यायचा. आमच्याकडंही गावानं दर्यावर जायची पाणंद बांबू आडवा घालून बंद केली होती. आई रागानं लाल. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवायचो, आणि काट्यांच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं आणि मध्ये तिचा आवाज. तिचं पहिलं वाक्य मला आठवतं: "दर्याक काय कुलूप घालतत काय रे?" आबांना अर्धं कळायचं, अर्धं मी सांगायचो. मग ते मोठ्यानं, जणू वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू जायला हवं असं उत्तर द्यायचे. ती त्यांना काट्येवालो म्हणायची. ते तिला दर्यावाली म्हणायचे. एकदा आबा म्हणाले, "तिला सांग, माणूस बंद केलाय, दर्या न्हाय." मी सांगितलं. तिकडून आई म्हणाली, "माणूस बंद केलो, मगे दर्या कोणासाठी?"

आबा बेळक्यावर हनुवटी टेकून पाण्याकडं बघत राहिले. पाणी तोवर बरंच मागं सरलं होतं. उन्हाळ्यात उजनी तशीच आटते, काठ रोज नवा होतो. बाभळीपासून पाण्यापर्यंत आता ओला गाळ पसरला होता, रिकामा, आणि त्याच्यावरही बंदी. होड्या गाळात कलंडल्या होत्या. दत्ताची होडी लाकडी, ती उन्हात वाळायला लागली होती. लाकूड वाळलं की फटी पडतात.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आबा काट्या ओढत होते. एकटेच, बेळक्यानं एकेक फांदी पुढं सरकवत, बाभळीपासून खाली, पाण्याच्या दिशेनं. मला म्हणाले, तुझी खोप उचल. ऊसवाल्यांतले दोघं बांधावर येऊन ओरडले, की हा कसला बंद. आबा म्हणाले, "काठ बंद म्हंजी पाणी बंद. जमीन कुणी बंद केली?" ते बांधावरूनच माघारी गेले. पाणी जिथं, तिथं काट्या; मागं मोकळी झालेली जागा वाडीची. पारूबाईनं तिथं भाजी टोकली. लेकरं आपापल्या आयांच्या नजरेत पळायला लागली. उघड्या गाळावर टाकलेल्या त्या चार फांद्या म्हणजे काही भिंत नव्हती, कुणीही वळसा घालून पाण्याशी गेलं असतं. कुणी गेलं नाही. गाड्याही हळूहळू यायच्या थांबल्या.

मग दर काही दिवसांनी हाच खेळ. पाणी हटलं, की आबा काट्या हलवायचे, मी खोप हलवायचो. आईला सांगितलं तर ती हसून हसून थकली. पण तिनं विचारलं, आणि होड्यांचं काय? हे तिलाच सुचणार, होडीवाल्यांच्या गावातली ती. मी आबांना काट्यांवरून विचारलं. त्यांनी सांगितलं, की बाकीच्या पत्र्याच्या आहेत, त्यांना काही होत नाही. दत्ताचीच तेवढी. तिला पाणी दाखवत राहायला पाहिजे. दत्ताला सांगू का, म्हटलं. ते म्हणाले, "नगं. त्यो हो म्हणला तर माझ्याशी बोलावं लागंल त्याला. त्याला अवघड जाईल."

ते मी कधी विसरणार नाही. बापाशी न बोलणाऱ्या मुलाला बोलायला लागू नये, म्हणून होडी गुपचूप जगवायची.

मग कामावर जाण्याआधी आणि आल्यावर मी दत्ताच्या होडीवर बादल्या ओतायचो, आतून-बाहेरून, आणि पाणी हटलं की तिला गाळावरून ढकलत पुढं न्यायचो. आबा काट्यांपलीकडून सांगायचे, डावीकडून लाव, खांद्यानं ढकल, अरं तुझ्या दर्यात काय होड्या आपोआप चालत्यात व्हय? दत्ता बांधावरून बघायचा. कधी काही बोलला नाही. पण एकदा सकाळी खोपीबाहेर आलो तर काट्यांच्या अलीकडं एक बादली ठेवलेली होती, नवी, माझ्या फुटक्या बादलीपेक्षा मोठी.

पाऊस पडला, धरण भरायला लागलं, बंदी उठली. पाणी परत वर आलं आणि काट्या कुठं कुठं टाकल्या होत्या ते सगळं बुडालं. दत्तानं होडी तपासली, हात फिरवला. एक फट नव्हती. पाण्यात लोटली आणि बापाकडं न बघता म्हणाला, "बसा." आबा चढले. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तू बी ये की." मध्यावर गेल्यावर आबांनी त्याला विचारलं, जाळं कुठं टाकणार, आणि दत्तानं उत्तर दिलं. एवढंच झालं. पण मला वाटतं, त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं बोलणं तेच.

मी परत खोलीवर आलो, आणि आजही तिथंच राहतो. आबांची सवय मात्र राहिली. संध्याकाळी मी काठावर बसलो असलो की ते बाभळीपाशी यायचे आणि तिथंच थांबायचे, जणू काट्या अजून आहेत. बेळकं टेकवून हाक मारायचे. मी आहे म्हटल्यावरच पुढं यायचे. आईशी भांडण तर वर्षानुवर्षं चाललं. विषय बदलले: मासा कुठला चांगला, मीठ किती, पाऊस कुणाकडं जास्त. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. यंदा थंडी सरली की आबांना दर्या दाखवायचा, असं ठरलं होतं. ते म्हणाले होते, "बघतो तर खरं, एवढं काय हाय त्येच्यात."

ते गेल्याचं आईला सांगायला मला धीर होत नव्हता. ती रोज विचारायची, काट्येवालो काय म्हणता? मी काहीतरी बोलून फोन ठेवायचो. शेवटी दहावा झाला त्या संध्याकाळी सांगितलं. मागं दर्या ऐकू येत होता. मग हळू म्हणाली, "मगे आता भांडूचा कोणावांगडा?" कोणाशी भांडायचं...

बेळकं दत्तानं घरी नेलं नाही. बाभळीला टेकवून ठेवलंय. धरायच्या जागी ते गुळगुळीत झालंय, फाट्याच्या आत कापडाचा एक धागा अडकलेला आहे. आता थंडीत रोहित आलेत, काठावर गाड्या लागतात. परवा कामावरून आलो आणि सवयीनं बाभळीपाशी थांबलो, बेळक्यावर हात ठेवून. आबांची हाक यायची ती हीच जागा. एक कुटुंब गाडीतून उतरलं. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "दादा, तुम्ही इथलेच का? पाण्यापर्यंत जाऊ शकतो ना?"

जिथं तेव्हा काट्या असायच्या आणि आता नव्हत्या, तिकडं मी एकदा बघितलं. म्हटलं, "हितलाच हाय. जावा की, मोकळं हाय."