दोनच जोड कपडे

इस्पितळाच्या धुलाईघरात त्याने एकतीस वर्षं चादरी धुतल्या. रक्ताचा डाग गार पाण्यानेच निघतो, गरम पाण्याने पक्का बसतो, हे तो झोपेतही सांगेल. बायको शाळेत भूगोल शिकवायची. पोरांकडून जगभरच्या नद्या घोकून घेतल्या, पण स्वतः कधी गावाची वेस ओलांडली नाही. "तुम्ही निवृत्त झालात की किनाऱ्याकिनाऱ्याने चालत पार दीपगृहापर्यंत जायचं," हे तिचं पालुपद. तो निवृत्त झाला तोवर तिला विसरायला व्हायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जायचं तर आत्ताच जा."

पाठीवर ओझं नको म्हणून माणशी दोनच जोड घेतले. एक अंगावर, एक दोरीवर. मुक्कामी पोचलं की आधी नळ शोधायचा. तो साबण लावून चोळायचा, ती खळबळायची, मग दोघं दोन टोकं धरून पिळायचे. पिळलेला शर्ट टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहिलं की उरलंसुरलं पाणी टॉवेल पितो, हे त्याने दाखवलं तेव्हा ती त्यावर चक्क नाचली. "एवढी विद्या इतकी वर्षं लपवून ठेवलीत होय!"

बाराव्या दिवशी तो ब्रेड घेऊन परतला, तर ती मुक्कामाच्या घरची चादर गुंडाळून नळापाशी बसलेली. त्याच्या अंगावरचा जोड सोडून बाकी सगळं तिने भिजवलं होतं, वाळलेलंसुद्धा. तो हसला, बाही सावरून बसला. त्याच्याच शर्टाचं दुसरं टोक धरून ती म्हणाली, "दादा, जरा घट्ट पिळा हं. आमच्या ह्यांना सकाळी निघायचंय."

त्याच्या हातातला पीळ सुटला.

"कुठे गेलेत ते?" त्याने कसंबसं विचारलं.

"ब्रेड आणायला. येतीलच." मग आवाज खाली आणून, "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण घोरतो फार."

ती जेवायला बसेना. "ते आल्याशिवाय कशी जेवू?" तो बाहेर गेला, भिंतीला टेकून उभा राहिला, डोळे पुसले आणि दार वाजवलं. "आलो गं."

"किती हा उशीर!" ती म्हणाली आणि जेवली.

पुढचे तीन दिवस ही युक्ती चालली. चौथ्या संध्याकाळी तिने दार जेमतेम चार बोटं उघडलं. "ते घरी नाहीत. नंतर या." आणि आतून कडी लावली. मुक्कामाच्या मालकीणबाईंनी समजूत घातली तेव्हा कुठे कडी निघाली. रात्रभर ती मालकीणबाईंच्याच खोलीत झोपली.

दीपगृह दोन दिवसांवर होतं. त्याने सकाळी परतीची बस धरली. ती खिडकीशी बसली, आणि तो शेजारी टेकणार तोच तिने रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली.

"इथे नका बसू. आमचे हे येतायत."

"बरं बाई," तो म्हणाला, आणि वरचा दांडा धरून घरापर्यंत उभ्यानेच आला.